बशीत न वाढणारा जंतू : कुष्ठरोग संशोधनाची एक अपुरी कहाणी



आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी केव्हा ना केव्हा डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'कल्चर' हा शब्द लिहिलेला असेल. लघवी कल्चरला पाठवा, थुंकी कल्चरला पाठवा, असे सांगितले जाते. आपण डबी घेऊन लॅबमध्ये जातो आणि तेथील मनुष्य सांगतो की रिपोर्ट दोन-तीन दिवसांनी मिळेल. क्षयाचा संशय असेल तर त्याच रिपोर्टला कित्येक आठवडे लागतात. आपण मनात म्हणतो, रक्ताचा रिपोर्ट तर संध्याकाळी हाती येतो, मग याला एवढा वेळ का? याचे उत्तर सोपे आहे. रोगजंतू हा सजीव आहे. त्याला खाऊ घालून, योग्य त्या उबेत ठेवून वाढवावे लागते. तो वाढला म्हणजे मग तो कोण आहे हे ओळखता येते आणि कोणत्या औषधाने मरतो हे पाहता येते. यालाच शास्त्रात जंतूंचे संवर्धन म्हणतात.

परंतु सगळेच जंतू असे शहाण्यासारखे वाढत नाहीत. काही जंतू माणसाच्या शरीरात सुखाने नांदतात, पण काचेच्या बशीत आणून ठेवले की वाढायचे नाव घेत नाहीत. अशा हट्टी जंतूंचा शिरोमणी म्हणजे कुष्ठरोगाचा जंतू. तो १८७३ साली प्रथम दिसला. आज दीडशे वर्षे उलटून गेली, तरी त्याचे सर्वमान्य असे संवर्धन बशीत कोणालाही साधलेले नाही. या जंतूला वाढविण्याची जी धडपड झाली, तिच्यात महाराष्ट्राचा आणि आपल्या पुण्याच्या एका कन्येचा मोठा वाटा आहे. ही हकीकत आपल्या मुलामुलींना फारशी ठाऊक नसते, म्हणून ती येथे सांगण्याचे योजिले आहे.

बिबवेवाडीत राहणाऱ्या आपणांस हा विषय दूरचा वाटू नये. येथून कोंढव्याच्या बाजूला गेले की डॉ. बांदोरवाला यांच्या नावाचे शासकीय कुष्ठरोग रुग्णालय आहे. या रोगाचे नाव घेताना अजूनही पुष्कळ घरांतून आवाज खाली येतो. औषध आले, रोग बरा होऊ लागला, तरी भीती गेली नाही. ही भीती इतकी खोल का रुजली, हेही या जंतूच्या कहाणीवरून कळते.

स्वयंपाकघरातून प्रयोगशाळेत

प्रथम संवर्धनाची विद्या कशी आली ते पाहू. जर्मनीतील डॉक्टर रॉबर्ट कॉख यांच्यापुढे एक अडचण होती. मटणाच्या रश्शासारख्या पातळ पदार्थात जंतू वाढत, पण दहा जातींचे जंतू एकात एक मिसळून जात. त्यांना वेगळे करायचे तर घट्ट पृष्ठभाग हवा होता. कॉख यांनी उकडलेल्या बटाट्याच्या कापांवर जंतू वाढवून पाहिले. नंतर जिलेटिन वापरले; परंतु शरीराच्या उष्णतेइतक्या उबेत जिलेटिन पातळ होई आणि काही जंतू तर ते खाऊनच टाकीत.

ही अडचण एका गृहिणीने सोडविली. कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करणारे वॉल्टर हेस यांच्या पत्नी फॅनी हेस आपल्या मुरंब्यात आणि गोड पदार्थांत अगार-अगार घालीत असत. जावा बेटावर राहून आलेल्या शेजाऱ्यांकडून त्यांना हा पदार्थ कळला होता. हे घालून केलेले पदार्थ उन्हाळ्यातही का विरघळत नाहीत, असे पतीने विचारले आणि त्यातून जंतुशास्त्राला त्याची घट्ट जमीन मिळाली. हे अगार-अगार म्हणजे दुसरे काही नसून आपले चायना ग्रास होय. रमजानमध्ये इफ्तारीसाठी दुधात चायना ग्रास उकळून ज्या वड्या आपल्या घरी पाडतात, तोच पदार्थ जगातील प्रत्येक जंतुशास्त्रीय प्रयोगशाळेत आजही बशीत ओतला जातो. कॉख यांनी १८८२ साली अगारचा उल्लेख केला, परंतु त्यात फॅनी हेस यांचे नाव नव्हते. ज्या झाकणाच्या बशीत ते ओततात ती बशी १८८७ साली पेट्री यांनी सुचविली.

कॉख यांनी रोगाचे कारण सिद्ध करण्यासाठी काही अटीही घालून दिल्या. रोग्यात जंतू सापडला पाहिजे. तो शरीराबाहेर शुद्ध स्वरूपात वाढविता आला पाहिजे. वाढविलेला जंतू प्राण्याला टोचला असता तोच रोग झाला पाहिजे, आणि त्या प्राण्यात तोच जंतू पुन्हा सापडला पाहिजे. २४ मार्च १८८२ रोजी त्यांनी क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला, तो या कसोटीवर उतरवूनच. क्षयाचा जंतूही सावकाश वाढणारा. दोन-तीन दिवसांत काही दिसेना म्हणून बश्या फेकून दिल्या असत्या तर तो सापडलाच नसता. कॉख यांनी आठवडेच्या आठवडे वाट पाहिली.

मुंबईचा प्लेग

जंतू वाढविता आला म्हणजे काय साधते, याचे उदाहरण लवकरच आपल्या दाराशी घडले. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढच्याच वर्षी त्याने पुण्यात हाहाकार माजविला. सरकारने वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञास मुंबईस बोलाविले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका खोलीत त्यांनी प्लेगचा जंतू रश्शात वाढविण्यास आरंभ केला. रश्श्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले की जंतू त्यांना धरून भरपूर वाढतो असे त्यांना आढळले. येथील लोकांच्या धर्मभावना लक्षात घेऊन त्यांनी गाईचे व डुकराचे मांस टाळले आणि बोकडाच्या मांसाचा रस्सा वापरला. वाढविलेले जंतू उष्णतेने मारून त्यांनी लस केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली.

लोक मात्र लशीला भीत होते. नाना अफवा उठत होत्या. अशा वेळी तिसरे आगाखान सर सुलतान मुहंमद शाह पुढे आले. त्यांचे वय तेव्हा अवघे एकोणीस-वीस वर्षांचे होते. त्यांनी आपल्या अनुयायांसमक्ष स्वतःस लस टोचून घेतली आणि आपले खुश्रू लॉज हाफकिन यांच्या कामासाठी दिले. ते पाहून हजारो खोजा बंधू-भगिनींनी लस घेतली. १८९९ साली ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली. तीच १९२५ पासून हाफकिन इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाते. समाजाच्या पुढाऱ्याने शास्त्राला योग्य वेळी हात दिला तर किती जीव वाचतात, याचा हा धडा आपल्या समाजाने विसरू नये.

प्लेगचा जंतू वाढला, म्हणून लस झाली. कुष्ठरोगाच्या बाबतीत नेमके हेच घडेना.

हॅन्सनचा जंतू

नॉर्वेतील बर्गेन शहरी गेरहार्ड आर्मॉर हॅन्सन हे डॉक्टर कुष्ठरुग्णांची सेवा करीत. फेब्रुवारी १८७३ मध्ये त्यांना रुग्णांच्या गाठींत काडीसारखे जंतू दिसले. माणसाच्या चिरकाली रोगाचे कारण जंतू असू शकतो, हे दाखविणारे ते पहिल्यांपैकी होते. त्या काळी कुष्ठरोग आनुवंशिक आहे अशी विद्वानांची समजूत होती, आणि सामान्य जनांस तो पापाचे फळ वाटे. हॅन्सन यांचे म्हणणे खरे होते, परंतु पुरावा अपुरा होता. जंतू बशीत वाढेना, सशात टोचला तर रोग होईना. कॉख यांच्या अटींपैकी पहिलीच तेवढी पुरी झाली होती.

आपले म्हणणे सिद्ध करण्याच्या उतावीळपणात १८७९ साली हॅन्सन यांनी एका रुग्ण स्त्रीच्या डोळ्यात, तिची संमती न घेता, दुसऱ्या रुग्णाचा अंश टोचला. प्रकरण न्यायालयात गेले आणि १८८० साली त्यांना रुग्णालयातील पद गमवावे लागले. शोध कितीही मोठा असला तरी गरीब रुग्णाचा देह ही शास्त्रज्ञाची मालमत्ता नव्हे, हे त्या न्यायालयाने त्या काळात सांगितले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

याच्या उलट उदाहरण आपल्या महाराष्ट्रात घडले. पुढे आनंदवन उभारणारे बाबा आमटे १९४९ च्या सुमारास कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगाचे शिक्षण घेत होते. हा जंतू कोणत्याच प्राण्यात वाढत नाही म्हणून संशोधन अडले आहे, असे त्यांच्या कानी आले, तेव्हा त्यांनी प्रयोगासाठी स्वतःचा देह देऊ केला आणि जंतू टोचून घेतले. त्यांना रोग झाला नाही आणि प्रयोग तेथेच थांबला. परंतु एक सुशिक्षित वकील हे धाडस करतो यावरून अडचण केवढी होती याची कल्पना यावी.

जंतू वाढत नाही याचा अर्थ काय, हे नीट समजून घ्या. औषध शोधायचे तर ते कशावर तपासणार? लस करायची तर जंतू कोठून आणणार? रोग कसा पसरतो, जंतू शरीराबाहेर किती काळ जगतो, हे तरी कसे पाहणार? शास्त्राचे हात बांधले गेले, म्हणून समाजाने आपला जुना उपाय चालविला. तो उपाय म्हणजे रोग्याला दूर ठेवणे. १८९० साली मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी ॲक्वर्थ यांच्या पुढाकाराने माटुंगा-वडाळ्याकडे बेघर कुष्ठरुग्णांसाठी आश्रयस्थान निघाले. मराठी पोवाडे जमवून छापण्यात ज्यांचा हात होता तेच हे ॲक्वर्थ. १८९८ साली तर गरीब कुष्ठरुग्णांना पकडून वेगळे ठेवण्याचा कायदाच झाला. तो कायदा २०१६ पर्यंत पुस्तकात होता.

पुण्याची कन्या

आता आपण पुण्याकडे वळू. ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात कमल समर्थ यांचा जन्म झाला. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ हे फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवीत. मुलींनाही मुलांसारखेच शिकविले पाहिजे असे मानणारे ते गृहस्थ होते. कमल हुजूरपागेत शिकल्या, फर्ग्युसनमधून वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र घेऊन पदवीधर झाल्या. मुलीने डॉक्टर व्हावे अशी वडिलांची इच्छा होती, पण मुलीची ओढ शास्त्राकडे होती आणि वडिलांनी ती मानली. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशींचा अभ्यास करून त्यांनी १९४३ साली एम. एस्सी. केले. त्याआधी १९३९ साली गणितज्ञ ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी विवाह होऊन त्या मुंबईस गेल्या होत्या. संसार सांभाळून, टाटा मेमोरियल रुग्णालयात काम करीत त्यांनी डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखाली १९४९ साली पीएच. डी. मिळविली.

खानोलकर हे आपल्या देशातील विकृतिशास्त्राचे अध्वर्यू. कर्करोग आणि कुष्ठरोग या दोन्ही विषयांत त्यांना सारखाच रस. १९५२ साली मुंबईत इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर स्थापन झाले आणि ते त्याचे पहिले संचालक झाले. कमलाताईंना त्यांनी अमेरिकेस जाण्यास प्रोत्साहन दिले. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्याकडे त्या पेशीसंवर्धन शिकल्या. माणसाच्या पेशी शरीराबाहेर अखंड वाढत ठेवण्याचे काम १९५१ साली प्रथम साधले ते याच गाय यांच्या प्रयोगशाळेत. ही विद्या घेऊन कमलाताई मुंबईस परतल्या आणि येथे पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली.

आता त्यांच्या विचाराची दिशा पाहा. कुष्ठरोगाचा जंतू बशीत का वाढत नाही? कारण तो माणसाच्या जिवंत पेशींच्या आत राहणारा आहे, आणि त्यातही मज्जातंतूंत शिरणारा आहे. म्हणून तर या रोगात चट्ट्याची संवेदना जाते. मग त्याला रस्सा आणि अगार कशाला द्यावे? त्याला त्याचे घरच द्यावे! त्यांनी मानवी गर्भाच्या मज्जातंतूंच्या गाठींतील पेशी बशीत वाढविल्या आणि रुग्णाच्या गाठींतून काढलेले जंतू त्यांत सोडले. या कामात त्यांचे सहकारी चिं. वि. बापट होते. १९५८ साली बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी जाहीर केले की कुष्ठरुग्णापासून मिळालेला एक जंतू आपण शरीराबाहेर वाढविला आहे. संस्थेच्या आद्याक्षरांवरून त्याला 'आयसीआरसी जंतू' असे नाव पडले. पंच्याऐंशी वर्षे जे कोणास जमले नव्हते ते मुंबईत साधले, असे पुष्कळांना वाटले. या कुष्ठरोगविषयक कार्याबद्दल १९६४ साली कमलाताईंना वाटूमल प्रतिष्ठानचे पारितोषिक मिळाले, आणि १९८२ साली त्यांच्या एकूण कार्याचा गौरव पद्मभूषणाने झाला.

यश म्हणावे की अपयश?

वाचकहो, कहाणी येथेच संपली असती तर ती गोड झाली असती. परंतु खरी झाली नसती.

पुढील काळात या जंतूची कसून तपासणी झाली. तो एकदा रुळला की साध्या माध्यमावरही वाढू लागला, यानेच काहींच्या मनात शंका आली होती. रासायनिक व जनुकीय कसोट्यांवरून शेवटी असे ठरले की हा कुष्ठरोगाचा जंतू नव्हे. तो त्याच गोत्रातील, पक्ष्यांच्या क्षयजंतूंशी जवळचे नाते असलेल्या गटातील आहे. म्हणजे पाहुणा घरी आला, त्याचे आदरातिथ्य झाले, आणि मग कळले की ज्याला बोलाविले होते तो हा नव्हेच, त्याचा चुलतभाऊ आहे!

मग सगळे श्रम वाया गेले काय? नाही. भाऊबंद असल्यामुळे या जंतूची ओळख शरीराला पटली तर कुष्ठरोगाच्या जंतूलाही शरीर ओळखू लागेल, असा विचार करून डॉ. माधव देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गॅमा किरणांनी मारलेल्या आयसीआरसी जंतूंची लस केली. १९९० च्या दशकात तमिळनाडूत चेंगलपट्टू भागात सुमारे १ लाख ७१ हजार लोकांवर निरनिराळ्या लशींची तुलनात्मक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. आयसीआरसी लशीने ६५.५ टक्के संरक्षण दिले, असे आढळले. बीसीजीसोबत कुष्ठरोगाचे मृत जंतू दिले तेव्हा ६४ टक्के, आणि नुसत्या बीसीजीने ३४.१ टक्के. चुकीच्या नावाने घरात आलेल्या पाहुण्याने असे उपकार फेडले.

विद्यार्थ्यांनी येथे एक गोष्ट शिकावी. शास्त्रात दावा करणे हा गुन्हा नाही. दावा तपासू न देणे हा गुन्हा आहे. या संशोधकांनी आपला जंतू इतरांस तपासावयास खुला ठेवला, म्हणून चूकही कळली आणि उपयोगही कळला.

उंदराचा पाय आणि रुग्णाची मुक्ती

दरम्यान इतरत्र दुसरी वाट सापडली. या जंतूला थंडावा आवडतो. म्हणूनच तो माणसाच्या नाकात, कानाच्या पाळीत, हातापायांच्या थंड भागांत घर करतो. हे ध्यानात घेऊन अमेरिकेतील चार्ल्स शेपर्ड यांनी जंतू उंदराच्या पायाच्या तळव्यात टोचला आणि १९६० साली दाखविले की तेथे तो मर्यादित प्रमाणात वाढतो. १९७१ साली आर्माडिलो या खवल्यांच्या, थंड शरीराच्या अमेरिकन प्राण्यात तो भरपूर वाढतो असे दिसून आले. मात्र धीर हवा. साधे आतड्यातले जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात. कुष्ठरोगाच्या जंतूला एकदा दुप्पट होण्यास जवळजवळ दोन आठवडे लागतात. उंदराच्या पायावरील एका प्रयोगाला सहा महिने व त्याहूनही अधिक काळ जातो.

पण या सहा महिन्यांनीच रुग्णांचे भाग्य पालटले. १९४० च्या दशकापासून डॅप्सोन या गोळ्या मिळत होत्या, पण वर्षानुवर्षे घ्याव्या लागत. काही रुग्णांवर त्यांचा परिणाम का होईनासा होतो, हे कोडे होते. १९६४ साली उंदराच्या पायातील प्रयोगांनी सिद्ध केले की जंतू डॅप्सोनला दाद देईनासा झाला आहे. त्याच पद्धतीने रिफाम्पिसिन या औषधाची जबर मारकशक्तीही कळली. मग १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी दोन-तीन औषधे एकत्र देण्याची शिफारस केली. आपल्या देशात १९८३ साली राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. आज हा उपचार सरकारी दवाखान्यांत मोफत मिळतो आणि रोगाच्या प्रकारानुसार सहा किंवा बारा महिन्यांत पुरा होतो. जंतूला वाढविण्याची एवढीशी सोय झाली, ती देखील उंदराच्या तळव्यात, तर लक्षावधी माणसे बरी झाली. संवर्धनाचे महत्त्व याहून वेगळे काय सांगावे?

पुन्हा संवर्धनाकडे

विसाव्या शतकाच्या अखेरीस जनुके वाचण्याची विद्या आली, तेव्हा पुष्कळांना वाटले की आता जंतू वाढविण्याची कटकट संपली. मातीचा चिमूटभर नमुना घ्यावा आणि त्यातील सर्व जंतूंची जनुके यंत्राने वाचावी. या यंत्रांनी मोठे काम केले यात संशय नाही. कुष्ठरोगाच्या जंतूचा संपूर्ण जनुकसंच २००१ साली प्रसिद्ध झाला; त्यासाठी वापरलेला जंतू मुळात तमिळनाडूतील रुग्णाकडून आलेला होता. तो वाचल्यावर हट्टाचे कारणही उमगले. या जंतूची सुमारे १,६०० जनुके कामाची आहेत, तर १,१०० हून अधिक मोडकळीस येऊन निकामी झाली आहेत. हजारो वर्षे माणसाच्या पेशीत आयते खाऊन याने स्वतःचे अन्न शिजविण्याची विद्याच गमावली आहे. असा परावलंबी जीव बशीत कसा वाढणार?

परंतु यादी वाचणे वेगळे आणि ओळख होणे वेगळे. शाळेच्या हजेरीपटावरून मुलाचे नाव कळते. मुलगा काय करू शकतो हे वर्गात बसविल्यावरच कळते. म्हणून आज शास्त्रज्ञ पुन्हा संवर्धनाकडे वळले आहेत. मातीत सूक्ष्मदर्शकाने जितके जंतू दिसतात, त्यांपैकी शंभरात जेमतेम एखादा बशीत वाढतो, हे फार पूर्वीपासून माहीत होते. १९८५ साली या तफावतीला शास्त्रीय लेखनात नावही मिळाले. उरलेले नव्याण्णव मेलेले नसतात; आपण दिलेले अन्न त्यांना रुचत नाही, एवढेच. २०१५ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी जंतूंना बशीत न आणता, बारीक छिद्रांच्या चकतीत घालून, मातीतच पुरून वाढविले, आणि अशा एका न वाढणाऱ्या जंतूपासून टेक्सोबॅक्टिन हे नवे प्रतिजैविक मिळाले. उपदंशाचा जंतू १९०५ सालापासून माहीत होता आणि शंभर वर्षे सशातच वाढवावा लागत असे. २०१८ साली तो सशाच्या पेशींबरोबर प्रयोगशाळेत दीर्घकाळ वाढता ठेवण्यात यश आले. पद्धत पाहिली तर कमलाताईंच्याच विचाराची, म्हणजे जंतूला त्याचे घर देण्याची.

आपल्या पुण्यातही हे कार्य मोठ्या प्रमाणावर चालते. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक उपयोगाच्या जंतूंचा संग्रह फार वर्षांपासून आहे. शिवाय २००९ साली राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या वतीने पुण्यात जंतुसंग्रह सुरू झाला. आज त्यास राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र म्हणतात. देशभरातील माती, पाणी, उष्ण झरे अशा ठिकाणांहून मिळविलेले लाखाहून अधिक जंतू तेथे थंडाव्यात जपून ठेवले आहेत. डॉ. योगेश शौचे यांनी या कार्याची पायाभरणी केली. बिबवेवाडीहून बसने तासाभराच्या अंतरावर एवढे मोठे भांडार आहे, हे आपल्या विज्ञान शाखेच्या मुलामुलींना माहीत असावे. दवाखान्यातही तेच. क्षयाची जनुकीय तपासणी आता दोन तासांत होते, तरी औषधांनी जंतू खरोखर मरत आहे की नाही हे ठरविण्यासाठी डॉक्टर आजही कल्चर मागतात. तेव्हा लॅबवाल्याने आठवडे लागतील असे सांगितले, तर रागावू नका.

आपल्यापुरते

शेवटी आपल्यापुरते दोन शब्द. इतिहासकार तबरी यांनी नोंदविले आहे की उमय्या खलिफा वलीद यांनी कुष्ठरुग्णांना वेतन बांधून दिले आणि भीक मागू नका असे सांगितले. हा आपला वारसा आहे. परंतु पुढे आपल्याकडेही इतरांसारखीच भीती शिरली. १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यात पतीचा कुष्ठरोग हे विवाह मोडण्याचे एक कारण म्हणून नोंदलेले होते. हिंदू व ख्रिस्ती विवाहांच्या कायद्यांतही तसेच होते. रोग बरा होऊ लागल्यावर कित्येक दशकांनी, २०१९ साली, संसदेने हे कारण सर्व कायद्यांतून काढून टाकले. कायद्याच्या पुस्तकातून ते गेले. आपल्या मनांतून गेले आहे काय? जगात दरवर्षी आढळणाऱ्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतात आहेत. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तेथे स्पर्श कळत नसेल, तर लपवू नका. जवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवा. वेळीच औषध घेतले तर बोट वाकत नाही, व्यंग येत नाही, आणि उपचार सुरू झाल्यावर लवकरच रोग दुसऱ्यास लागण्याची भीतीही राहत नाही.

आणि पालकहो, आणखी एक. डॉक्टर व्हावे अशी वडिलांची इच्छा असता मुलीने वनस्पतींच्या पेशी पाहण्याचा हट्ट धरला, आणि वडिलांनी तो पुरविला. म्हणून देशाला कमल रणदिवे मिळाल्या. आपल्या घरातही एखादे मूल असे असेल की जे आपण दिलेल्या माध्यमात वाढत नाही. ते मंद आहे, निकामी आहे, असा शिक्का मारण्यापूर्वी आपण काय दिले आहे ते एकदा तपासून पाहा. बशीत न वाढलेले सगळे मेलेले नसते, हे सिद्ध करायला शास्त्राला शंभर वर्षे लागली. आपल्या मुलांना एवढी वाट पाहायला लावू नये.

कुष्ठरोगाचा जंतू बशीत वाढविण्याचे काम अजून व्हायचे आहे. ही जागा रिकामी आहे. आपल्या शाळेतून बाहेर पडणारी एखादी मुलगी, एखादा मुलगा ती भरून काढो, अशी दुआ करून हा लेख संपवितो.